झाकणाखालचा पांढरा फेस

बाबांच्या फियाटची गोष्ट आमच्या घरात सहसा कुणी काढत नाही. आज ती काढतो आहे, कारण पाऊस सुरू झालाय आणि परवा शेजारच्या एका तरुणाने आपल्या जुन्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडून मला दाखवलं. आतल्या बाजूला पिवळसर पांढरा फेस चिकटला होता, ताक घुसळताना रवीला लागतो तसा. "काका, हेड गॅसकिट गेली म्हणतात. खरं?"

हाच प्रश्न १९८४च्या पावसाळ्यात आमच्या दारात उभा होता. बाबा शाळामास्तर. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून त्यांनी जुनी फियाट ११०० घेतली होती. घरापासून शाळा दीड मैल. गाडी चालायची ती तेवढीच. गॅरेजमध्ये असाच फेस दाखवून त्यांना सांगण्यात आलं, "मास्तर, हेडातून पाणी ऑइलात उतरलं. हेड काढावं लागणार, आणि ते काढलं की रिंगा, व्हॉल्व्ह सगळंच निघेल." खर्च सांगितला तो तीन पगारांएवढा. बाबांनी मिळेल त्या किमतीला गाडी देऊन टाकली. दिवाळीनंतर बसने बेळगावला जाताना अनमोडला चहासाठी थांबलो, तर तीच गाडी घाट चढून आलेली! नव्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, "ऑइल बदललं, बाकी काही नाही." बाबांनी चहा अर्धाच प्यायला. पुढे त्यांनी कधीच गाडी घेतली नाही.

तो मेकॅनिक लबाड होता, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो. पुढे या हेडाचा इतिहास वाचला, तेव्हा माझं मत थोडं मवाळ झालं.

अगदी सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत सिलिंडर आणि त्याचं डोकं एकाच ओतकामात असायचं, पालथ्या पेल्यासारखं. सांधाच नाही, तर गळणार काय? पण आत साचलेली काजळी खरवडायची तर सबंध सिलिंडरच उचकटावा लागे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये चारही सिलिंडर एका ठोकळ्यात आणि वर बोल्टांनी आवळलेलं सुटं हेड, अशी रचना होती. खेड्यातल्या माणसालाही इंजिन उघडता येऊ लागलं. या सोयीबरोबर सांधा आला आणि सांध्यासाठी गॅसकिट आली. तांब्याच्या पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस दाबून ती करत. सिलिंडरातला जाळ, भोवतीचं पाणी आणि वर चढणारं ऑइल, या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं हे तिचं काम.

मॉडेल टीमध्ये जळण्यापूर्वी वायू दाबला जाई तो जेमतेम चार-साडेचार पट. आजच्या पेट्रोल गाड्यांत हे प्रमाण दहाच्या आसपास असतं. दाब वाढला तसा गॅसकिटीवरचा भारही वाढला. त्यात वजन कमी करण्यासाठी ॲल्युमिनियमची हेडं आली. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या सुमारे दुप्पट पसरतं. आपल्या अँबॅसडरचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. फियाटचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. घाटात रेडिएटर उकळला आणि तशीच गाडी रेटली, की फियाटचं हेड वाकायचं. तेव्हा फियाट समोर आली की मेकॅनिकचा पहिला संशय हेडावर जाणं यात नवल नव्हतं. त्याची चूक एवढीच, की संशयालाच त्याने निकाल मानलं.

पुढे एका म्हाताऱ्या मेकॅनिकशी माझी ओळख झाली. एका खुणेवर हेड उघडायचं नाही, निदान दोन साक्षी हव्यात, असा त्याचा दंडक होता. बाहेर कुठे थेंब नसताना रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय का? डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाच्या चहासारखं झालंय का, आणि त्याची पातळी वाढलीय का? इंजिन थंड असताना रेडिएटर उघडून मग सुरू केलं, तर पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात का? (तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये, हात भाजतो.) इंजिन पुरतं तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का? कुलंटचा धूर गोडसर वासाचा असतो. आमच्याकडे त्या काळी रेडिएटरात विहिरीचं पाणी भरत, त्यामुळे नाकाचा उपयोग नव्हता. मग तो प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच पडलेला दिसला, तर मधली गॅसकिट जळाल्याचा संशय पक्का होई.

आता निळ्या द्रावाची चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्यातून खेचायची. जळलेला वायू मिसळला असेल तर द्राव पिवळा पडतो. गॅसकिटीही बदलल्या. युरोपीय संघाने २००५पासून ॲस्बेस्टॉसचा वापर बंद केला, आणि त्याआधीपासूनच पोलादी पत्र्यांचे थर असलेल्या गॅसकिटी रूढ होत होत्या. पण हेड खोलल्यावर त्यावर सरळ पट्टी धरून खालची फट मोजायची, वाकलं असेल तर घासून सपाट करायचं आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला ठरलेल्या क्रमाने आवळायचे, ही रीत जुनीच आहे.

मग बाबांच्या गाडीतला तो फेस कसला? इंजिनात बाफ नेहमीच तयार होते. लांबच्या प्रवासात ऑइल नीट तापतं आणि ती उडून जाते. दीड मैलात ते तापतच नाही. त्यात आपला गोव्याचा दमट पावसाळा! बाफ गार झाकणाला लागून थिजते आणि ऑइलात घुसळून तिचा फेस होतो. घाट चढणाऱ्या नव्या मालकाच्या हाती तो फेस टिकणार कसा?

शेजारच्या मुलाची डिपस्टिक पाहिली, स्वच्छ होती. पाणी आठवडाभर खुणेवरच होतं. त्याला म्हटलं, "झाकण पुसून लाव आणि मोलेपर्यंत जाऊन ये." संध्याकाळी येऊन त्याने झाकण दाखवलं, कोरडं होतं. तरी दर रविवारी इंजिन गार असताना पाणी बघत जा, असं त्याला बजावलं आहे. पाणी उतरू लागलं, तर मात्र दुसरी साक्ष शोधावी लागेल.