३६ अंश ३० मिनिटे : नकाशावरची एक रेघ आणि एका माणसाचे स्वातंत्र्य

१/१०
अमेरिकेचा नकाशा समोर ठेवून हा थ्रेड वाचावा. मिसुरी आणि आर्कान्सा या राज्यांमधली, जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम जाणारी सीमा शोधा. ती ३६ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. आज ती एक साधी राज्यसीमा आहे. १८२० साली याच रेघेवर गुलामगिरीचे भवितव्य ठरवण्यात आले.

२/१०
आधी १८०३ चा नकाशा पाहू. फ्रान्सकडून दीड कोटी डॉलर्सना लुईझियानाचा प्रदेश विकत घेतल्यावर अमेरिकेचे क्षेत्रफळ सुमारे दुप्पट झाले. जुन्या नकाशांत हा भाग बराचसा कोरा दिसतो. प्रत्यक्षात तेथे ओसेज, पॉनी, सू असे अनेक मूलनिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. या व्यवहारात त्यांचे मत कोणी विचारले नाही.

३/१०
या भूमीतून नवी राज्ये निर्माण होणार होती. त्यांत गुलामगिरी असावी की नसावी? हा प्रश्न नीतीचा होता, तसाच मतांच्या हिशेबाचाही होता. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा असतात. १८१९ अखेर राज्ये होती २२ : ११ मुक्त, ११ गुलामगिरीची. म्हणजे सिनेटमध्ये २२ विरुद्ध २२.

४/१०
प्रतिनिधिगृहाचा हिशेब निराळा होता. तेथील जागा लोकसंख्येवर ठरत. राज्यघटनेनुसार दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरली जात. मत मात्र त्यांतल्या एकालाही नव्हते. या तरतुदीने दक्षिणेच्या जागा वाढल्या, तरीही उत्तरेची लोकसंख्या पुढे गेली. त्यामुळे दक्षिणेची सारी भिस्त सिनेटवर होती.

५/१०
अशा वेळी मिसुरीने राज्याचा दर्जा मागितला. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॅलमॅज यांनी उपसूचना मांडली : मिसुरीत नवे गुलाम आणू नयेत आणि पुढे जन्मणारी गुलामांची मुले पंचविसाव्या वर्षी मुक्त व्हावीत. प्रतिनिधिगृहाने ती संमत केली, सिनेटने फेटाळली. नकाशावरचा समतोल येथे प्रथमच उघडपणे पणाला लागला.

६/१०
तोड निघाली ती नकाशातूनच. मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे होऊ पाहणारे मेन मुक्त राज्य म्हणून घ्यावे आणि मिसुरी गुलामगिरीचे. म्हणजे १२ विरुद्ध १२. त्याखेरीज इलिनॉयचे सिनेटर जेसी थॉमस यांनी सुचवले की लुईझियाना खरेदीच्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेस गुलामगिरीला कायमची बंदी असावी. ६ मार्च १८२० रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी या कायद्यावर सही केली. हीच 'मिसुरी तडजोड'.

७/१०
आता नकाशा नीट पाहा. रेघेच्या उत्तरेस अफाट मुलूख, दक्षिणेस त्या मानाने लहानसा तुकडा. मग दक्षिणेने हे मान्य का केले? मिसुरी तत्काळ पदरात पडत होते, आणि उत्तरेकडच्या गवताळ मैदानांत लवकर राज्ये होतील असे फारसे कोणाला वाटत नव्हते. तरी वृद्ध जेफरसन यांनी ओळखले होते की हे संकट टळलेले नाही, फक्त लांबणीवर पडले आहे.

८/१०
पुढे राज्ये जोडीजोडीने आली : १८३६ मध्ये आर्कान्सा, १८३७ मध्ये मिशिगन. पण ही रेघ केवळ लुईझियाना खरेदीपुरती होती. १८४८ मध्ये मेक्सिकोकडून घेतलेल्या प्रदेशाला ती लागू नव्हती. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले आणि तराजू १६ विरुद्ध १५ असा झुकला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने तर ती रेघच रद्द केली.

९/१०
या साऱ्या हिशेबात एक माणूसही होता. ड्रेड स्कॉट हा गुलाम. त्याचा मालक सैन्यातील डॉक्टर. मालकाने त्याला रेघेच्या बऱ्याच उत्तरेस, फोर्ट स्नेलिंग येथे नेले. तेथे गुलामगिरीस बंदी होती. मिसुरीत परतल्यावर १८४६ मध्ये त्याने व त्याची पत्नी हॅरिएट हिने न्यायालयात दाद मागितली : मुक्त भूमीवर राहिलेला माणूस पुन्हा गुलाम कसा? मिसुरीच्याच न्यायालयांनी पूर्वी अशा अर्जदारांना स्वातंत्र्य दिले होते.

१०/१०
सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. सरन्यायाधीश रॉजर टॅनी म्हणाले की कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाही आणि अशी रेघ आखण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हताच. निकालाची तारीख होती ६ मार्च १८५७. मन्रो यांच्या सहीला त्याच दिवशी ३७ वर्षे पूर्ण झाली होती. चार वर्षांत यादवी युद्ध पेटले.

१८२० च्या जनगणनेत सुमारे ९६ लाख लोकांपैकी १५ लाखांहून अधिक गुलाम होते. समतोलाच्या वाटाघाटींत त्यांच्यापैकी एकालाही बोलावले गेले नव्हते. जुना नकाशा उघडाल तेव्हा प्रत्येक रेघेला एवढे अवश्य विचारा : ती आखताना तिथे कोण होते, आणि तिच्यामुळे कोणाचे आयुष्य ठरले?