जुन्या .२२ रायफलीला नवी नजर

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. या स्पर्धेत दुर्बीण लावण्यास परवानगीच नाही. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्याचा वेध एका बारीक छिद्रातून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकाराचे विश्वविजेतेपद पटकावले, तेही अशाच छिद्राच्या साहाय्याने.

हे आठवण्याचे कारण असे की, घरातील जुनी .२२ रायफल बाहेर काढणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘दुर्बीण कोणती लावू?’ हाच असतो. वडिलांच्या परवान्यावरून वारसाकडे आलेली बीएसए मार्टिनी, ब्र्नो किंवा आपल्या आयुध निर्माणीची स्पोर्टिंग रायफल असो, नळी शाबूत असली तरी नेम मात्र लागत नाही. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांचा दोष पुष्कळदा रायफलीच्या माथी मारला जातो.

एनसीसीत .२२ हाताळलेल्यांना ठाऊक असेल, उघड्या साइटमध्ये मागची खाच, पुढची माशी (फोरसाइट) आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. त्या तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. वय वाढले की खाच पुसट होते. पीप साइट, म्हणजे छिद्राची बॅकसाइट, हा प्रश्न निम्म्याने सोडवते. छिद्राच्या मध्याकडे डोळा आपोआप जातो, खाचेकडे पाहावेच लागत नाही. छिद्र लहान असल्याने माशी आणि लक्ष्य दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. शिवाय ही साइट डोळ्याजवळ बसते, त्यामुळे दोन साइटमधील अंतर वाढते आणि नेमातील चूक घटते. चष्मा करवून घेताना माशीचे अंतर नेत्रतज्ज्ञांना सांगितल्यास आणखी लाभ होतो. साधे उपाय आपल्याकडे उगाच मागे पडतात.

दुर्बिणीत लक्ष्य आणि फुली एकाच प्रतलात दिसतात, हा तिचा खरा गुण; मोठे दिसणे हा दुय्यम. मात्र मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी बनलेली दुर्बीण बहुधा १०० यार्डांवर पॅरॅलॅक्समुक्त केलेली असते. पन्नास मीटरवर डोळा जरा सरकला की तिची फुली लक्ष्यावरून सरकताना दिसते. रिमफायरसाठी ५० यार्डांवर जुळवलेली दुर्बीण घ्यावी. .२२ चा धक्का सौम्य असल्याने अवजड माउंटची गरज नसते.

अडचण येते ती बसवण्यात. अनेक .२२ रायफलींच्या माथ्यावर ११ मिलिमीटर किंवा ३/८ इंचाची खोबण असते, त्यावर रुंद वीव्हर पट्टीच्या रिंगा बसत नाहीत. बोल्टची मूठ वर उचलताना आयपीसला अडते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. मार्टिनीत काडतूस वरून भरतात, तेव्हा दुर्बीण खाली बसवली तर बोटांना जागा उरत नाही. तिला बाजूला जोडलेली पीप साइटच शोभते.

खोबणच नसेल, तर चौकटीला भोके पाडून आटे करावे लागतात. येथे थांबून विचार करावा. भोक बुजवता येते, पण रायफलीचा मूळ रूपातील मान व मोल परत येत नाही. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती वा बदल करण्यास परवाना लागतो, म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. कोरलेला क्रमांक खोडणे वा बदलणे कलम ८ अन्वये निषिद्ध आहे. भोक त्याच्या जवळ येणार नाही, याची खातरजमा करावी.

खर्च करण्यापूर्वी जुनी साइटच सुधारता येते का, ते पाहावे. गणित सोपे आहे. चुकलेले अंतर गुणिले दोन साइटमधील अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. गोळी पन्नास मीटरवर १० सेंटिमीटर खाली लागत असेल आणि साइटमध्ये ५० सेंटिमीटर अंतर असेल, तर बॅकसाइट १ मिलिमीटर वर घ्यावी. बॅकसाइट नेहमी गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवतात, माशी उलट दिशेला. माशी घासून गोळी वर आणता येते, परंतु घासलेले लोखंड परत चिकटत नाही.

दुर्बिणीचा पाव मिनिटाचा एक ‘क्लिक’ पन्नास मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर सरकवतो. प्रारंभी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा, नळीतून लक्ष्य मध्यभागी पाहावे आणि फुली तेथे आणावी. मग २५ मीटरवर आणि शेवटी ५० मीटरवर पाच-पाच गोळ्या झाडून मध्य काढावा. एका गोळीवरून क्लिक फिरवू नयेत. पन्नासला जुळलेली साधी .२२ शंभर मीटरवर अर्ध्या फुटाहून अधिक खाली पडते. काडतुसांची कंपनी बदलली तर हे सारे पुन्हा करावे.

आणि रिकाम्या रायफलीचा चाप उगाच ओढून पाहू नये. रिमफायरमध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे काडतूस नसताना काही जुन्या रायफलींची पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. तो काठ एकदा चेपला, की उत्तमातली उत्तम दुर्बीणही उपयोगाची राहत नाही.