टसराचे बारसे

शिवाजी पेठेत लक्ष्मीपूजनाला टसराचे सोवळे नेसणाऱ्या किती जणांना त्या धाग्याच्या धन्याचे नाव ठाऊक असेल? धनी म्हणजे एक रानपतंग! 1773 साली लंडनच्या ड्रू ड्रुरी या चांदीचा व्यवसाय करणाऱ्या कीटकसंग्राहकाने आपल्या सचित्र ग्रंथात त्याला ‘मायलिट्टा’ हे नाव दिले. शास्त्रात आज तो ‘अँथेरिया मायलिट्टा’ होय. नावापुढे ड्रुरी लागतो. तो रिवाजच आहे.

पण टसर त्याआधी शतकानुशतके विणले जात होते. भंडारा-गडचिरोलीकडचे ढिवर ऐन-अर्जुनावरच्या अळ्या पाखरांपासून राखतात, कोसा उतरवतात. पतंग होताच त्याचे खाणे संपते. अंडी घालून तो मरतो. हे त्यांना पोथीवाचून कळते. बारसे ड्रुरीने केले. जोपासना मात्र यांची. सोवळे नेसताना दोघांचेही स्मरण असावे.