मर्यादवेलीचें नांव

कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीची रेघ जेथें संपते, तेथून वरच्या कोरड्या वाळूवर एक हिरवी वेल पसरलेली दिसते. तिचीं पानें टोकाशीं दुभंगलेलीं, बकरीच्या खुरासारखीं. फुलें जांभळट गुलाबी, सकाळीं उमलून दुपारनंतर मलूल होणारीं. किनाऱ्यावरील लोक तिला मर्यादवेल म्हणतात.

वाळूंत पाणी टिकत नाहीं आणि खारा वारा कोवळे अंकुर करपवून टाकतो. अशा जागीं ही वेल पेऱ्यापेऱ्यास मुळें सोडीत पुढें सरकते. वाऱ्यानें उडणारी वाळू तिच्या पानांशीं अडते, सांचते, आणि तिचा उंचवटा तयार होतो. त्याच्या आडोशास मग इतर वनस्पती रुजतात. तिचें बीं समुद्राच्या पाण्यावर महिनेच्या महिने तरंगूनही जिवंत राहतें. म्हणूनच उष्ण कटिबंधांतील बहुतेक किनाऱ्यांवर ती आढळते.

प्राचीन तमिळ संघकाव्यांत ही वेल 'अडुंबु' या नांवानें येते. युरोपच्या शास्त्रग्रंथांत ती मलबारमार्गेंही पोहोंचली. कोचीन येथील डच अधिकारी हेंद्रिक व्हान ऱ्हीड यानें तेथील वनस्पतींचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झाले. या कामीं साहाय्य केलें तें मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांनीं, आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं. त्या तिघांचें कोंकणी भाषेंतील, नागरी लिपींतील निवेदन पहिल्याच खंडांत आहे. छापील नागरीच्या अगदीं जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. १६९२ च्या अकराव्या खंडांत ही वेल 'शोवन्ना अडंबु' या मलयाळी नांवानेंच अवतरली. ऱ्हीडला तो खंड पाहावयास मिळाला नाहीं. १६९१ सालीं कोचीनहून सुरतेस जातांना तो जहाजावरच निवर्तला.

पुढें १७५३ सालीं लिनिअसनें तिला लॅटिन नांव दिलें. त्याचा अर्थ 'बकरीचें पाऊल'. तें नांव पानाचा आकार सांगतें. मर्यादवेल या नांवांत तिचें कार्य आलें आहे. समुद्र कोठवर आणि भूमि कोठून, हें ती दाखविते व वाळू धरून ठेवून ती सीमा राखते. किनारा मोकळा व नीटनेटका करण्याच्या हौसेपायीं ती उपटली कीं वाळू वाऱ्यावर सुटते, आणि मागील वाड्या उघड्या पडतात. ज्यांनीं तिला हें नांव दिलें, त्यांना ही गोष्ट कोणत्याही ग्रंथावांचून ठाऊक होती.