बचावफळीतील शिक्षक : सय्यद नईमुद्दीन आणि हैदराबादची फुटबॉल-परंपरा



एका शिक्षकाच्या स्मृतीप्रीत्यर्थ योजिलेल्या व्याख्यानात मराठीच्या एका वृद्ध प्राध्यापकाने फुटबॉलवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या फुटबॉलविषयी मी बोलणार आहे तो एका शाळामास्तराने उभा केला होता, आणि तोही आपल्याच जुन्या राजधानीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, किनवट नांदेडला आणि राजुरा पुढे चांद्याला जोडले गेले. तोपर्यंत आदिलाबाद हा हैदराबाद राज्याचाच एक जिल्हा होता. पुढे आपण आंध्र प्रदेशात आलो, २०१४ मध्ये तेलंगणात आलो. पण शिक्षणाची, नोकरीची आणि खेळाची आपली वाट हैदराबादकडेच जात राहिली. म्हणून हा इतिहास आपल्याला परका नाही.

तो शाळामास्तर म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, काचीगुड्याच्या शाळेत शिक्षक. शारीरिक शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि १९५० पासून शहर पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर कलकत्त्याचे मातब्बर संघ येत आणि हैदराबादच्या पोलिसांकडून हरून जात. रहीमसाहेब राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना भारताने १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळविले, १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला आणि १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक आणले. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे तरुण मंडळींना आता हे नाव ठाऊक झाले आहे.

चित्रपटात पदके दिसतात. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे अध्यापन. रहीमसाहेबांनी मुलांसाठी निराळ्या प्रकारच्या स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास बंदी होती. चेंडू आला की तो सोबत्याकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने खेळायचे. तिसरी ठरावीक उंचीच्या आतल्या मुलांसाठी असे, म्हणजे धिप्पाड मुलाने केवळ शरीराच्या बळावर बाजी मारू नये. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला यातले मर्म चटकन कळते. जी विभक्ती मुलाला येत नाही तिचाच अभ्यास द्यावा, जी येते तिचे कौतुक पुरे झाले, असा हा प्रकार आहे. रहीमसाहेबांचा वर्ग मैदानावर भरत असे, एवढाच काय तो फरक.

या मैदानांच्या शहरात १९४४ साली सय्यद नईमुद्दीन यांचा जन्म झाला. रहीमसाहेब गेले तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी जागा निवडली ती बचावफळीतली.

या जागेविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीत संघाची मांडणी २-३-५ अशी असे. पाठीमागे फक्त दोन फुलबॅक आणि आघाडीला पाच जण. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला, त्यानंतर आपल्याकडे मागची बाजू बळकट करण्याचा विचार गांभीर्याने सुरू झाला. दोनांचे तीन झाले, तिनांचे चार झाले. आघाडीचा खेळाडू समोरच्या गोलाकडे पाहत धावतो, त्याच्या पाठीमागे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. बचावपटूला मात्र सारे मैदान समोर दिसते. आपला सोबती कोठे चुकला, कोणती जागा मोकळी पडली, पुढचा घाला कोठून येणार, हे त्याला आधी ओळखावे लागते. आणि ओळखून ओरडून सांगावेही लागते. माझ्या मते प्रशिक्षक होण्याची निम्मी तयारी येथेच होते. लोक मात्र गोल करणाऱ्याचे नाव लक्षात ठेवतात. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव कोणाच्या तोंडी नसते.

नईमुद्दीन कलकत्त्याला गेले. तेथील ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिन्ही मोठ्या संघांकडून ते खेळले. तिघांचे पाठीराखे एकमेकांचे हाडवैरी. तिन्ही घरी पाहुणचार मिळविणे सोपे नव्हे. १९७० च्या डिसेंबरात बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा ते भारताचे कर्णधार होते. जी. एम. एच. बाशा आणि पी. के. बॅनर्जी हे प्रशिक्षक, आणि संघात हैदराबादचेच महंमद हबीब. उपांत्य सामन्यात ब्रह्मदेशाने आपल्याला २-० असे हरविले. मग कांस्यपदकासाठी गाठ पडली जपानशी. या जपानने दोनच वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले होते. भारताने त्यांना १-० असे नमविले. एक गोल करायचा आणि तो शेवटपर्यंत राखायचा, हा बचावपटूंचा सामना होय. आशियाई स्पर्धांत पुरुषांच्या फुटबॉलमध्ये भारताला त्यानंतर एकही पदक मिळालेले नाही.

खेळणे थांबल्यावर नईमुद्दीन शिकवू लागले. ते प्रशिक्षक असताना ईस्ट बंगालने १९९० मध्ये ड्युरँड, रोव्हर्स आणि आय.एफ.ए. शील्ड हे तिन्ही मान एकाच हंगामात मिळविले. त्याच वर्षाचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना लाभला. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांच्या वाट्याला आला तो १९९७ साली. महाभारताच्या वाचकाला यातली गंमत वेगळी सांगायला नको. ज्या कर्णधाराने बँकॉकहून पदक आणले त्याला अर्जुन म्हणायला आपण सत्तावीस वर्षे घेतली, आणि तोवर त्याला द्रोण करून मोकळे झालो होतो! त्याच १९९७ साली काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात मालदीवला ५-१ असे हरविले. पुढे ते ढाक्याच्या ब्रदर्स युनियनचे प्रशिक्षक झाले आणि २००७-०८ मध्ये बांगलादेशच्या राष्ट्रीय संघाचेही. शिस्तीच्या बाबतीत त्यांची ख्याती कडक मास्तराची होती. असा मास्तर वर्गात सर्वांचा लाडका नसतो, हे आपल्या व्यवसायातील मंडळी जाणतातच.

बचावपटूने गुरू व्हावे ही काही हैदराबादचीच रीत नव्हे. वेस्ट इंडीज बेटे आपल्याला क्रिकेटमुळे ओळखीची. त्यांतल्या त्रिनिदादमध्ये गिरमिटिया मजुरांच्या रूपाने भारतीय माणूसही जाऊन वसला. या चिमुकल्या देशाला १६ नोव्हेंबर २००५ रोजी बहारीनमध्ये विश्वचषकाचे दार पहिल्यांदा उघडले ते डेनिस लॉरेन्स या उंचापुऱ्या बचावपटूने, कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने गोलात धाडून. हाच लॉरेन्स पुढे आपल्या देशाचा प्रशिक्षक झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच्या संघाने अमेरिकेला २-१ असे हरवून तिची पुढच्या विश्वचषकाची वाट बंद केली. आता योगायोग पाहा. लॉरेन्सच्या त्या गोलानंतर महिन्याभराने, डिसेंबर २००५ मध्ये, कराचीत दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारताने बांगलादेशला २-० असे हरविले. एक गोल बायचुंग भुतियाचा. दुसरा महेश गवळी या गोव्याच्या बचावपटूचा. संघाचे प्रशिक्षक होते नईमुद्दीन.

हा आनंद फार टिकला नाही. २२ फेब्रुवारी २००६ रोजी योकोहामा येथे आशिया चषकाच्या पात्रता फेरीत जपानने भारताला ६-० असे हरविले. आठवड्याने दिल्लीत येमेननेही ३-० अशी मात केली आणि नईमुद्दीन यांचे राष्ट्रीय संघाचे पद गेले. त्या वर्षी इंग्लंडचे बॉब हॉटन त्यांच्या जागी आले. पस्तीस वर्षांपूर्वी जपानला ज्याने १-० असे हरविले, तोच माणूस आता मैदानाच्या कडेला उभा राहून सहा गोल मोजत होता. इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा हा क्षण आहे. अशा वेळी माणूस बदला म्हणणे सोपे असते, आणि आपण तेच केले.

पण माणूस तोच होता. बदलले होते ते त्याच्या पाठीमागचे सारे. जपानने १९६० च्या दशकात जर्मनीहून डेटमार क्रामर यांना बोलावून शिकविण्याची घडी बसविली. १९९३ मध्ये तेथे व्यावसायिक लीग सुरू झाली. आपली राष्ट्रीय लीग १९९६ साली निघाली, ती जुन्याच साच्यातली, कार्यालयांच्या आणि क्लबांच्या संघांची. हैदराबादची कथा तर आणखी खिन्न करणारी. पोलिसातली नोकरी हा ज्या खेळाचा आधार होता तो आधार सुटत गेला, रहीमसाहेबांच्या स्पर्धांना वारस लाभला नाही, आणि ज्या रोव्हर्स चषकाने या शहराचे नाव केले तो या शतकाच्या आरंभी बंदच पडला. २०१९ मध्ये पुण्याचा व्यावसायिक संघ बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. त्याने २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा जुन्या माणसांना क्षणभर १९५० चे दिवस आठवले. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला निघून गेला. विकत आणलेला संघ विकताही येतो. कच्च्या पायाने खेळायला शिकविणारी शाळा मात्र बाजारात मिळत नाही, ती कोणी तरी चालवावी लागते.

नईमुद्दीन यांच्या कारकिर्दीचा हिशेब केवळ पदकांच्या बेरजेने करावा असे मला वाटत नाही. कराचीत गोल करणारे महेश गवळी पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि २०२२ पासून राष्ट्रीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम पाहू लागले. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच, तेही क्रोएशियाचे जुने बचावपटू! २०२३ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत पंचांनी स्टिमाच यांना बाहेर काढले आणि शेवटच्या दोन्ही सामन्यांना ते मुकले. बंगळूरच्या मैदानावर उपांत्य सामन्यात लेबनॉनविरुद्ध आणि ४ जुलैला अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध रेषेवर उभे होते ते गवळी. दोन्ही सामने पेनल्टीपर्यंत गेले. कुवेतचा शेवटचा फटका भारताच्या गोलरक्षकाने अडविला आणि ५-४ असा निकाल लागला.