‘तत्सम’मधली भाजी

गेल्या मे महिन्यात पुण्याहून भाची आली होती. तिने रात्री पास्ता उकडून ठेवला, सकाळी त्यात कुठलीशी कडवट पाने, तेल आणि लिंबू घातले आणि गारच वाढला. “मामा, उन्हाळ्यात हेच बरं.” चवीला चांगला होता. इटलीच्या दक्षिणेकडचे गरीब शेतकरीही बांधावरची रानटी चिकरी खुडून आणतच आले आहेत. पण चंद्रपूरच्या त्या उन्हात मला आठवली ती सिंदेवाहीकडच्या एका आजीने वाढलेली न्याहारी: रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांदा आणि कुड्याच्या फुलांची भाजी.

कुडा हे लहानसे झाड. वैशाख-ज्येष्ठात पांढऱ्या फुलांनी भरते. कळ्या-फुले उकडायची, पाणी टाकायचे, मुठीत दाबून पिळायची आणि जवसाच्या तेलात कांदा-मिरचीवर परतायची. आजी म्हणाली होती, “भाऊ, पयलं पाणी फेकलं नाई तं जेवणारा ताटावरून उठून जाते.” फेकल्यावरही कडूपणा उरतोच, आणि तो उरावा अशीच अपेक्षा असते.

या झाडाला संस्कृतात कुटज म्हणतात. मेघदूतातला यक्ष मेघाला अर्घ्य देतो ते याच फुलांचे. वैद्यांनी मात्र साल उचलली, अतिसारावर. कुटजारिष्ट आजही दुकानात मिळते. अठराव्या शतकात हीच साल ‘कोनेसी’ या नावाने युरोपात पोचली आणि पुढे तिची पत गेली. कारण मोठे मजेशीर आहे. व्यापारात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाई आणि काळ्यात तो गुण नव्हता. १८९० ते १८९३ या काळात निघालेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’मध्ये डायमॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घोळ नोंदवला आहे. आजीला मी दोन्ही झाडांतला फरक विचारला, तेव्हा तिने बोटे जुळवून दाखवली: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. एवढे एक वाक्य कुणी विचारून घेतले असते तर!

सालीचा इतिहास असा लिहिलेला सापडतो. फुलांचा शोधायला निघालो आणि कायद्याच्या पुस्तकात पोचलो.

माझ्या हाती लागलेल्या मालगुजारीच्या काही वाजिब-उल-अर्जांत, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या नोंदींत, जळतण, गवत, बांबू यांचे हक्क आहेत. भाजीचे नाव नाही. मला वाटते, ज्यावर सारा नाही आणि ज्याला बाजार नाही, ते लिहून घेण्याची कुणाला गरजच पडली नसावी. शिवाय नोंद सांगायला पुरुष बसत, भाजी बायका आणत.

१९२७च्या भारतीय वन कायद्यात मात्र ती सापडते. ‘वनोपज’ची व्याख्या पाहा. जंगलात मिळणारी झाडे, त्यांची पाने, फुले, फळे, सगळे त्यात आहे. मोहफूल तर जंगलाबाहेर मिळाले तरी वनोपजच. राखीव जंगलातून वनोपज गोळा केल्यास मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात ओंजळभर फुलांसाठी कुणाला कैद झाली असेल असे मी म्हणणार नाही. पण आणू देणे ही मेहेरबानी झाली, हे खरे. १८९९-१९००च्या दुष्काळात मध्य प्रांताच्या सरकारने खाण्याजोगे वनोपज फुकट गोळा करायला जंगले खुली केली. सरकारी कागद हे औदार्य म्हणून मांडतात. खुली केली, याचा अर्थ आधी बंद होती, एवढे वाचकाने स्वतः ताडायचे.

२००६चा वनहक्क कायदा आला आणि दान उलटे पडले. २००९मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११मध्ये त्यांनी स्वतःचा बांबू विकला. या कायद्यातली गौण वनोपजाची यादी मी अनेकदा वाचली आहे: बांबू, वेत, टसर, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद ‘आणि तत्सम’. रोखणाऱ्या कायद्याने फुलांचे नाव घेतले होते. हक्क देणाऱ्या कायद्यात कुड्याचे फूल ‘तत्सम’मध्ये बसते. कायदेतज्ज्ञ म्हणतील, हक्क तेवढाच पक्का आहे. असेलही. पण गावाचा आराखडा करताना माणसे यादीतली नावे मोजतात. मी बसलो त्या दोन बैठकांत बांबू आणि तेंदूचा हिशेब दुपारपर्यंत चालला. भाजीचा विषय एका बाईने काढला, तेव्हा सगळे हसले, तीही हसली.

यंदा ज्येष्ठात पुन्हा सिंदेवाहीकडे गेलो. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात मोह, तेंदू वेचायला पहाटे गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात, ही बातमी आता दर उन्हाळ्याची. बायका ऊन वर आल्यावर, चार-पाच मिळून जातात, मोठ्याने बोलत. आजीच्या गावाशेजारच्या रानात वाघीण पिलांसह फिरत होती. सुनेने तिला जाऊ दिले नव्हते. कुंपणावरून पाहिले तर लांब कुडे पांढरेशुभ्र फुललेले दिसत होते. ताटात गार भात होता, मीठ होते, कांदा होता.

“यंदा भाजी नाई भाऊ,” आजी म्हणाली, “लोणचं घे.”