पंधरा रुपयांचा परवाना

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या नांदूरघाटच्या घरात एक इतिहाससंशोधनच असते. यंदा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक पिवळी पडलेली पुस्तिका सापडली. आत तिकिटे चिकटवलेली, त्यांवर टपाल कचेरीचे शिक्के. तो आमच्या दादांच्या रेडिओचा परवाना होता. वर्षाला १५ रुपये भरून तो नवा करून घ्यावा लागे. वर्गात मी ती पुस्तिका दाखवली, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "सर, गाणी ऐकायला बी लायसन?" सारा वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण त्याच आठवड्यात मी आईच्या फोनसाठी महिन्याची वर्गणी भरून आलो होतो.

त्याचे असे झाले. आई संध्याकाळी फोनवर कीर्तन ऐकते. कीर्तनकार बुवांनी आवाज चढवावा, टाळांचा गजर व्हावा, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणी बाई साबणाचे गुण सांगू लागावी! "ही कोण रं मधीच आली?" आई विचारायची. ती बाई मधे येऊ नये म्हणून मी पैसे भरले. घरी येऊन पेटी उघडतो, तो दादांनीही तेच केलेले!

वाचकहो, करमणूक फुकट कधीच नव्हती. पैसे कोणी द्यायचे, एवढाच वाद होता. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागू लागला. श्रोता फी भरी आणि आकाशवाणी जाहिरातींवाचून बोले. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सयानी यांच्या आवाजामागे सारा देश कान लावून बसू लागला. सिलोनला येथील श्रोत्याने एक पैही द्यायची नव्हती. पैसे देई दंतमंजनवाला, आणि त्याचे नाव कार्यक्रमाच्या नावातच गुंफलेले असे. ते वगळून गाणे ऐकण्याची सोय नव्हती.

सरकार हे ओळखून होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती जन्मली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या. गंमत पाहा, परवाना मात्र उठला नाही! तो उठला १९८५ साली. म्हणजे तब्बल १८ वर्षे श्रोता फीही भरीत होता आणि जाहिरातीही ऐकत होता. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या, तेथेही तोच प्रकार.

आता आजचे पाहू. यूट्यूब २००५ साली निघाले, आणि दोन वर्षांत त्याच्या चित्रफितींवर जाहिराती दिसू लागल्या. जाहिरातींवाचून पाहण्याची वर्गणी २०१५ साली अमेरिकेत सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये ती भारतात आली, तेव्हा महिन्याला १२९ रुपये पडत. २०२४ साली १४९ झाले. प्राइम व्हिडिओने तर जून २०२५ पासून वर्गणीदारांनाच जाहिराती दाखवायला सुरुवात केली. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये भरा! पैसे देऊनही जाहिरात ऐकण्याचा १९६७ चा तो रिवाज असा पुन्हा उंबरठा ओलांडून आत आला. वर्गणी भरली तरी चित्रफीत करणाराच मधे थांबून कोणा व्यापाऱ्याचे गुण गातो, ते वेगळेच. त्याला कोण थांबवणार? ती गीतमालेची परंपरा!

मी जाहिरातींचा वैरी नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक तुमच्या किमतीवर आणि जाहिरातदाराच्या पैशांवर, अशा दोन्ही चाकांवर चालत आले आहेत. पण कागदावरची जाहिरात सभ्य असते. पान उलटले की ती गप्प बसते. फोनवरची जाहिरात हात धरून बसवते.

म्हणूनच मला टोचते ते वेगळे. दिवाळीचे दिवे विझले न विझले तोच माझ्या वर्गातील कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला निघतील. रात्री कोपीत बापाच्या फोनवर त्यांतले एखादे गणिताचा पाठ लावील. अपूर्णांकाची बेरीज समजत आली की मधेच मोटारीची जाहिरात लागेल. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने वेळ मोजायचा, आणि थकल्या डोळ्यांच्या पोराजवळ तोही कोठे शिल्लक असतो?

दादांचा रेडिओ ओट्यावर असे. परवाना एकाचा आणि ऐकायला सारी गल्ली, एवढे मला अंधुक आठवते. आई सांगते, दादा मुद्दाम तो बाहेर ठेवीत.

परवा संध्याकाळी मी आईचा फोन ओट्यावर ठेवला. शेजारची दोन पोरे वही घेऊन आली. आई म्हणाली, "लाव त्यांचं गणित. माझं कीर्तन काय, मागनं ऐकीन."